नजरकैदेतली आई

"मंदाकिनीबाई, ताबडतोब या. चित्र गेलं."

फोनवर श्रीधररावांचा आवाज रडका झाला होता. मुलींची शाळा धाकात ठेवून निवृत्त झालेल्या मंदाकिनीबाई पायांत चपला सरकवून निघाल्या. कर्वेनगरात असं काही घडलं, की पोलिसांआधी बाईंनाच बोलावणं जाई.

महायुद्धात पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबं नजरकैदेत होती. त्यांच्या पेट्या, झबली, चित्रं श्रीधररावांनी घरातल्या कपाटात जिवापाड जपली होती. गेलेलं चित्र एका कैद्यानं जलरंगांत काढलेलं. त्याची बायको, मांडीवर तान्ही लेक, डोक्यामागे मावळता सूर्य. बायको किल्ल्यावरच वारली. ती लेक, लिझेल, आता पन्नाशीत होती आणि तिचे डोळे चालले होते. आईचं दुसरं चित्र नव्हतं, फोटोही नव्हता. दिसतंय तोवर आई बघायला ती उद्या येणार होती.

"तिला काय तोंड दाखवू?" श्रीधररावांनी दार उघडताच विचारलं.

"आधी तोंड उघडा. किल्ली कुणाकडे?"

"मी, अक्का, पुतण्या मुकुंद."

मुकुंद उसळला. "बुधवार पेठेत एका दुकानात किंमत विचारली होती, कबूल. विकलं नाही."

बाईंनी कपाटाखालून काचेचा तुकडा काढला. फळीवर कुंकवाच्या अक्षता होत्या, दह्याचा वाळका डाग होता.

तेवढ्यात श्रीधररावांची थोरली बहीण, सुहासिनीअक्का, फुलांची परडी घेऊन आल्या.

"अक्का, त्या चित्रालाही रोज फूल वाहता ना?"

"मेरीमाताच ती, डोक्यामागे प्रभावळ आहे की. वाहते."

"आज कपाटाकडे वळला नाहीत, सरळ देवघराकडे निघालात. चित्र गेल्याचं तर तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही."

अक्कांनी परडी खाली ठेवली.

"चोर दही-अक्षता वाहत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "ही उत्तरपूजा. पुसताना तसबीर पडली, काच तडकली. आणि भंगलेला देव घरात ठेवू नये, पाण्यात सोडावा, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. नदीवर ना?"

"सकाळीच. श्रीधर रागावेल म्हणून बोलले नाही," अक्कांना रडू फुटलं.

सगळे नदीकडे धावले. खडकवासला धरणाचं पाणी सुटलं होतं. काठच्या झुडपात चौकट अडकलेली दिसली, तसे श्रीधरराव कपड्यांनिशी पाण्यात शिरले. कागद हाती आला. कोपऱ्यात सूर्याचा पिवळा डाग होता. चेहरा कुठेच नव्हता.

"अक्का, मी शंभरदा सांगितलं होतं, ती त्याची बायको आहे."

"सांगितलंस रे. मला पटलं नाही."

अक्कांनी तो ओला कागद पदरात घेतला.

"उद्या तिला मीच सांगेन," त्या म्हणाल्या. "तुझी आई मला देव वाटली, म्हणून मी बुडवली."