दुसऱ्या कंट्रोलरचा रकाना

पिनांगच्या जेलुटोंग भागात, सातव्या मजल्यावरच्या घरात, ऊई ह्वेई शान जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. समोर आई मोडांची शेपटं खुडत होती. वडिलांना जाऊन पाच महिने झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या आठ-बिटी व्हिडिओगेम यंत्रासाठी घरीच एक खेळ बनवला होता: कालवण न सांडता डब्यांचे मजले रचायचे. जगात तो तीसेक जणांनी खेळला असेल. त्यातल्या जाकार्ताच्या कुणा बागुसने तो अकरा मिनिटं बेचाळीस सेकंदांत संपवून विक्रमांच्या साइटवर आपलं नाव लावलं होतं. वडिलांच्या खेळावर परक्याचं नाव शानला सहन होत नव्हतं.

ती हाताने खेळत नव्हती. सेकंदाचे साठ भाग करून कुठल्या भागात कुठलं बटण दाबायचं, हे ती रकान्यात लिही. यंत्र ते जसंच्या तसं चालवी. चुकलं की मागे जायचं, खोडायचं.

"म्हणजे लबाडी," आई म्हणाली.

"तसं सांगूनच पाठवतात, मा. त्या बागुसनेही. अशांची यादीच वेगळी असते."

"मग कबूल केलेली लबाडी. हात रिकामे असतील तर मोड घे."

शान अकरा-त्रेचाळीसवर अडकली होती. तिसाव्या पातळीत माशाच्या कालवणाचा डबा नेमका नको तेव्हा येई.

मंगळवारी दुसऱ्या कंट्रोलरच्या रकान्यात एक खूण दिसली. खेळ एकट्याचा, तो रकाना कोराच असायला हवा. कोपर लागलं असेल म्हणून तिने ती खोडली. बुधवारी तिथे सात खुणा होत्या. तिने कीबोर्ड बदलला. गुरुवारी फाइल ऑफिसातल्या संगणकावर उघडली. चाळीस.

खुणा सैरभैर नव्हत्या. डबा नीट बसला, की जरा थांबून एक.

"मा, तू याला हात लावलास?"

"मला टीव्हीचा रिमोट जमत नाही." आईची बोटं थांबली. "चेंग बेंगला, पितरांच्या सणाला, तुझ्या वडिलांच्या थडग्यापाशी खेळाचं कागदी यंत्र जाळलं होतं ना आपण?"

"ते कागदाचं होतं."

"गाडीही कागदाचीच जाळली. ती तो चालवतोय, असं तूच म्हणालीस."

"तुझं मन राखायला म्हणाले."

"मग यंत्राबाबतही राख." आई पुन्हा मोड खुडू लागली. "त्याला बसल्या जागी काहीतरी हवंच असतं. नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडायचा."

शानने खुणा पुसायला घेतल्या. पुसण्याआधी एकदा चालवून बघितलं. बटण कुठल्याही कंट्रोलरचं दाबलं, तरी पुढच्या डब्यांचा क्रम बदलतो. तिसाव्या पातळीत माशाचा डबा आलाच नाही.

अकरा-एक्केचाळीस.

"नाव कुणाचं घालू?"

"दोघांचं. आणि त्याचं आधी घाल, नाहीतर फुगून बसेल."

फाइल साइटच्या हेल्सिंकीतल्या परीक्षक बाईंकडे गेली. त्या ती स्वतःच्या यंत्रावर चालवून बघणार; खेळ एका बटणाने जरी चुकला, तरी नामंजूर.

रविवारी दुपारी उत्तर आलं.

"मंजूर. ११:४१. अभिनंदन."

शानने मोठ्याने वाचलं. आईने ओल्या हातांनी टाळी वाजवली, मोड लॅपटॉपवर उडाले.

खालच्या ओळी शानने मनातच वाचल्या.

"एक शंका. शेवटच्या 'समाप्त' पाटीनंतर दोघांचा डाव सुरू होतो, हे तुम्ही कळवलं नव्हतं."

वडिलांनी लिहिलेल्या प्रोग्रामची ओळ न् ओळ शानने वाचली होती. दोघांचा डाव त्यात नव्हता.

"फाइल संपून तीन तास झाले. दुसऱ्या खेळाडूने आपला डबा ठेवलाय. पाळी पहिल्याची आहे. दर मिनिटाला तिकडून एकदा बटण दाबलं जातं, अगदी हळू, वाट बघितल्यासारखं."

"काय लिहिलंय गं अजून?" आईने विचारलं.

शेवटची ओळ चारच शब्दांची होती.

"मी यंत्र बंद करू?"