आपण म्हणजे नक्की कोण?

दुकानात माणूस दिसत नव्हता. मधोमध एक निळा तंबू उभा होता आणि त्याच्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. पायांत मोजे, उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

"कुणी आहे का?" तिने विचारलं, आणि पायांशीच बोलतेय हे लक्षात येऊन ती ओशाळली.

"आहे ना," तंबूतून आवाज आला. "आपण दोन मिनिटं बसावं. फाटलेली कड हातात धरलीये... सोडली की गेली."

खरं तर यायचं होतं तिच्या मावसबहिणीला. मित्रमैत्रिणींना गोळा करून, पाठीवर सॅक टाकून, एका निर्जन बेटावर तीन दिवस तंबूत राहायचं हे खूळ त्या मावसबहिणीचंच. सगळे तिला कॅप्टन म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. पण आज नेमकी कॅप्टनची दाढ ठणकायला लागली आणि तंबू ठरवायचं काम हिच्या गळ्यात पडलं. हिची नोकरी छापखान्यात; शाळेची पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. तंबूतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"टेबलावर जाड सुई आहे. आपल्याला देता येईल?"

तिने सुई दिली. बोटं बोटांना लागली – सुई देताना लागतातच, त्यात विशेष ते काय, असं तिने त्या संध्याकाळी स्वतःला चार-पाच वेळा बजावलं. मग तंबूवाला बाहेर आला. केसांत दोऱ्याचा तुकडा अडकलेला, आणि हसताना त्याचा एकच गाल हसायचा. तिने आणलेली यादी त्याने वाचली आणि हळूच बाजूला ठेवली.

"आपण खुंट्या चाळीस लिहिल्यात. वाळूत खुंटी टिकत नाही. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि पिशवीच पुरायची. बेटावर पाणी आहे?"

"चहूबाजूंनी," ती म्हणाली.

"प्यायचं?"

तिने बाजूला पडलेल्या यादीकडे पाहिलं; पाणी त्यात नव्हतंच. एक गाल पुन्हा हसला.

मग तीन आठवडे ती त्या दुकानात जात राहिली. भरतीचं पाणी कुठवर येतं ते कसं ओळखायचं, हा तिचा खरा प्रश्न होता. निळा तंबू बरा की हिरवा, हा निव्वळ बहाणा होता. ओल्या शेवाळाची रेघ दिसते तिच्या बरंच वर तंबू लावायचा, काडेपेटी दोन पिशव्यांत गुंडाळायची, असं तो समजावून सांगायचा आणि ती वहीत लिहून घ्यायची. कॅप्टन झोपेत घोरते, शेजारी कुणाचा डोळा लागत नाही, ही घरगुती तक्रारसुद्धा तिने त्याच्याकडे करून टाकली. बेटाच्या टोकाला एक मोठा खडक आहे, हेही सांगितलं. तो सगळं मन लावून ऐकायचा.

अडचण एकच होती. गिऱ्हाइकाला 'आपण' म्हणायचं ही त्याच्या वडिलांनी लावलेली शिस्त त्याच्या जिभेत पार मुरली होती. तुम्ही म्हणून तो कधी बोलायचाच नाही. त्यामुळे एका दुपारी त्याचा निरोप आला, 'पहाटे ओहोटीला वाळू टणक असते, आपण खडकापर्यंत चालत जाणार ना?', तेव्हा तिने तो अकरा वेळा वाचला. म्हणजे बाईसाहेब, तुम्ही जाणार ना? की तू नि मी, दोघं जाणार ना? पण तो तर सहलीत नव्हताच. मग दोघं कसे... तरीही? दुसऱ्याच्या वाक्यातला हुकलेला अनुस्वार तिला लांबून दिसायचा, आणि इथे एवढ्याशा शब्दाचा अर्थ काही केल्या लागेना.

"सरळ विचार की त्याला," कॅप्टन म्हणाली. दाढ काढल्यापासून ती तोंडातल्या तोंडात बोलत होती, तरी हुकूम तो हुकूम.

"काय विचारू? माझ्याशी बोलताय की गिऱ्हाइकाशी, असं?"

"हो. असंच."

"आणि गिऱ्हाइकाशी म्हणाला, तर?"

कॅप्टनने दुसरीच बातमी दिली. मंडळींपैकी एक जण ऐनवेळी गळाला होता. "होडीत जागा रिकामी आहे. होडीवाल्याला आज सहापर्यंत नावं द्यायचीत. तंबूवाल्यालाच घेऊन टाक."

"मग तो कामाला आल्यासारखा येईल गं."

"कामाला कोण बोलवतंय? तुला हवाय का तो?"

ती सॅकचा पट्टा उगाच सैल करत बसली, मग उगाच घट्ट. हवा होता. इतका की तो नुसतं गिऱ्हाईक सांभाळत असेल या शंकेने आज तिचं जेवणही धड झालं नव्हतं.

तेवढ्यात त्याची शेवटची यादी आली. तिने ती उघडली आणि कॅप्टनने खांद्यावरून डोकावून मोठ्याने वाचली. "मोठे तंबू – मंडळी. छोटा तंबू – आपण." मग सुजलेला गाल धरून ती हसायलाच लागली. "बाई बाई, गाडी फारच पुढे गेली म्हणायची."

तिचे कान तापले. रागाने की आणखी कशाने, ते तिचं तिलाच कळेना. चपला पायांत सरकवून ती थेट दुकानात पोचली. तो तंबूची घडी घालत होता.

"या ना, आपण—"

"थांबा. छोटा तंबू, आपण. कोण आपण?"

"आपण," तो म्हणाला आणि त्याने तिच्याकडे बोट केलं. मग काहीतरी लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. "अरे देवा... नाही, नाही. आपण म्हणजे आपण. म्हणजे तुम्ही, तुम्ही! कॅप्टन घोरतात म्हणालात ना, म्हणून तुम्हाला एकटीला वेगळा. तसा माणूस नाही हो मी."

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुम्ही. म्हणजे गिऱ्हाईकच. ती वळली, दारापर्यंत गेली आणि थांबली. एवढ्या गोंधळातली एक गोष्ट तरी पक्की करूनच जावं, असं तिला वाटलं.

"आणि खडकापर्यंत चालत जाणारे आपण? तीही मी एकटीच?"

तंबूची घडी चुकली. त्याने ती उलगडली आणि पुन्हा चुकवली.

"तिथे... तिथे मी ठरवलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला राग आला असता, तर म्हणता आलं असतं, अहो, 'तुम्ही' अशा अर्थाने लिहिलंय. आणि राग आला नसता, तर..." त्याने मान खाली घातली. "सगळे निरोप तसेच लिहिले. गिऱ्हाइकासाठीचा शब्द, मी त्याच्याआड लपून बसलो. भित्रेपणा आहे तो, कळतं मला."

"तीन आठवडे," ती म्हणाली. आवाज रागाचा काढायचा होता, तो भलताच निघाला. "छापखान्यात 'आपण' दिसलं की मी अडून बसत होते. पाचवीच्या पुस्तकात एक चूक तशीच गेली तुमच्यापायी."

"कुठली?"

"सांगणार नाही." तिने श्वास घेतला. "होडीत एक जागा आहे. सहापर्यंत नाव द्यायचंय. तंबू उभारायला नकोत तुम्ही, तंबू पडले तर पडू देत. मला तुम्ही यायला हवे आहात. झालं, मी सांगितलं. आता तुमचं वाक्य सांगा. आणि ते 'जाणार' नको, त्यातून काही कळत नाही. नीट क्रियापद लावा."

"आपण..." तो म्हणाला आणि अडला.

तिने मदत केली नाही. आपण जाल म्हणाला, तर ती गिऱ्हाईक. आपण जाऊ म्हणाला, तर... एका अक्षराचा तर फरक.

"आपण जाऊ," तो म्हणाला. मग ऐकू गेलं नसेल या धास्तीने पुन्हा, जरा मोठ्याने, "आपण जाऊ."

तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. तरीही तिने त्याला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.