घिस्लेन वाट सांगते

मॉन्ट्रियलमध्ये मी व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करायचो. फेब्रुवारीतली दुपार होती, आणि काम अगदी साधं होतं. हॅलिफॅक्सहून डोरीन नावाच्या एका अंध बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या खेळातल्या जुन्या गिरणीत जी बाई वाट सांगते, तिचा आवाज जरा वाढवा.’

गिरणीत आम्ही बाई ठेवलीच नव्हती.

आमच्या खेळात डोळे मिटूनही वाट सापडायची. पाणी ठिबकलं की त्या बाजूला भिंत, वारा घोंगावला की तिथे दार. ही सगळी करामत घिस्लेन ओबेची. ती जन्मांध. दोन वर्षं खपून तिनं एकेक आवाज जागेवर बसवला. खेळ बाजारात यायच्या आधीच मालकांनी तिला काढून टाकलं आणि तिच्या जागी माझं नाव घातलं. जाताना ती म्हणाली, “बास्तियाँ, तू तरी बोलशील असं वाटलं होतं.”

मी बोललो नाही. त्याच हिवाळ्यात ती वारली. मी तिच्या दफनाला गेलो नाही; त्या आवाजांसाठी मिळालेलं बक्षीस घ्यायला मात्र गेलो.

मी खोलीचं दार लावलं, संगणकाचा पडदा बंद केला, हेडफोन चढवले आणि खेळातल्या गिरणीत शिरलो. उजवीकडे पाणी ठिबकत होतं. बंद, कोरड्या खोलीत ओल्या लाकडाचा वास आला. आणि अगदी मानेपाशी कुणीतरी कुजबुजलं, “डावीकडे वळ…”

हात आपोआप वळला.

“घिस्लेन…?”

“अरे वा… नाव आठवतंय की.”

समोर वारा घोंगावू लागला.

“चल… दारच आहे.”

मी पुढे गेलो आणि वारा थांबला. पाणी, पावलं, सगळंच थांबलं. इतकी शांतता आम्ही खेळात कुठेही ठेवली नव्हती. धडपडत संगणकाचा पडदा पुन्हा चालू केला. नुसता राखाडी रंग. भिंत नाही, जमीन नाही. मागे दार लागल्याचा आवाज झाला. मी हेडफोन ओढून फेकले.

तीन दिवस सगळ्या फायली पालथ्या घातल्या. तिचा आवाज कुठेच नव्हता. तिचं नाव निदान आता तरी घाला, असं मालकांना सांगितलं, तर ते हसले. “मेल्यावर तिला काय करायचंय नाव?”

शेवटी मी डोरीनबाईंना फोन केला आणि ती बाई चुकीची वाट दाखवते का, असं विचारलं.

“नाही हो, बाई वाट चोख सांगते,” त्या म्हणाल्या. “पण तीन दिवसांपासून तिच्या मागे एक माणूस सारखा विनवण्या करतोय, ‘मला बाहेर काढा…’ म्हणून. थांबा… अहो, तो तुमचाच आवाज ना?”