शेवटच्या चाकामागे

रविवारी पहाटे साडेपाचला सायकल काढण्यात शर्मिष्ठाचा फायदा उघड होता. तिच्या आईचा स्थळांचा कारभार रविवारी सकाळीच चालायचा. फोन स्पीकरवर, चहा उकळतोय, आणि बोरिवलीची, घाटकोपरची, डोंबिवलीची मुलं मुलुंड पूर्वेच्या त्या दिवाणखान्यातून पगारासकट एकेक करून जायची. शर्मिष्ठा घरात असली की प्रत्येकावर तिला मत द्यावं लागे. नसली की आईला एकटीनंच सगळ्यांना नापसंत करावं लागे, आणि ते ती फार छान करी.

शिवाय चार किलो उतरले असते. शिवाय कॅनडाला गेलेल्या चुलतभावाची सायकल पार्किंगमध्ये दोन वर्षं गंजत होती. ती हलली की सोसायटीचे सेक्रेटरी गप्प बसले असते. या सगळ्यात जायचा काय तो घाम. आणि एप्रिलच्या मुंबईत घाम घरी बसूनही जातोच की!

शर्मिष्ठा विमा कंपनीत होती. लोकांच्या दाव्यांतली लबाडी हुडकायची, हे तिचं काम. एकोणतिसाव्या वर्षीच तिची नजर अशी झाली होती, की प्लॅस्टरमधला हात बघून खरा मोडलाय की खोटा ते ती दारातूनच सांगायची. अशा मुलीला फसवणं अवघड. ती स्वतःच स्वतःला फसवेल, हा धोका मात्र तिनं हिशोबात धरला नव्हता.

पहिल्याच रविवारी ती वीस मिनिटं उशिरा पोचली. ‘रविवारची चाकं’ या मंडळाची अठरा माणसं निघायच्या बेतात होती. सूचना सांगून झाल्या होत्या. मंडळाच्या म्होरक्या जयंतीताई, शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या, शिट्टीशिवाय न बोलणाऱ्या. त्यांनी तिच्याकडे एकदा, तिच्या सायकलीकडे दोनदा बघितलं आणि शिट्टी फुंकली.

कांजूरहून पवईकडे चढ लागतो. मोटारीतून जाताना तो कधी कळतही नाही. शर्मिष्ठाला तो त्या दिवशी मांड्यांतून कळला. अर्ध्यावर खट् झालं, पायडल रिकामं फिरलं आणि चेन उतरली.

मागून एक सायकल येऊन थांबली.

“चढावर गिअर बदललात ना?”

“नाही.”

“मग तो स्वतःहून बदलला असेल.”

बोलणारा तिशीचा, सावळा, उंच. गुडघ्यावर बसून त्यानं दोन बोटांनी चेन चढवली आणि काळे हात रस्त्याकडेच्या गवताला पुसले. इतका सहज, की जणू गवत त्यासाठीच उगवलं होतं.

“तुम्ही जा ना पुढे,” शर्मिष्ठा म्हणाली. “सगळे गेले.”

“मला घाई नाय.”

“मी फार हळू चालवते.”

“चालवा ना. पवईचा चढ इतका नीट मी कधी बघितलाच नव्हता. आज खड्डान् खड्डा ओळखीचा झाला.”

ती चिडली... पण हसूनच चिडली. नाव विचारलं तर म्हणाला, दत्ताराम. आजोबांचं नाव. आजोबा गिरणीत होते, हा लिफ्टचा मेकॅनिक. राहायला भांडुप, आणि पवईतल्या काचेच्या इमारतींच्या बावीस लिफ्टा त्याच्या ताब्यात. “आठवडाभर लोकांना वर पाठवतो,” तो म्हणाला. “रविवारी म्हटलं, आपण पण जरा चढावं.”

वर पोचली तेव्हा तिच्या कानात नुसतं रक्त वाजत होतं. आणि मग उजवीकडे झाडी संपली, तलाव उघडला. सूर्य नुकता पाठीमागून वर आला होता. पाण्यावर तांब्याचा पत्रा अंथरावा तसा उजेड, त्यावर एकच बगळा, आणि काठावर फुललेला बहावा... इतका पिवळा, की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तो पिवळाच. एकोणतीस वर्षं ती या तलावाशेजारून जात होती. रिक्षातून, बसमधून, मोबाइलमध्ये बघत.

“हा... हा रोज असाच असतो?” तिनं विचारलं.

“रोज,” तो म्हणाला. “पण नऊ वाजता ऑफिस उघडतं, तेव्हा बंद होतो.”

त्यानं बाटली पुढे केली. आत बर्फ झालेलं कोकमाचं सरबत हळूहळू वितळत होतं. घशाखाली ते उतरलं तेव्हा शर्मिष्ठानं हिशोबात एक नवा कॉलम आखला. वर नाव लिहिलं नाही, इतकंच.

मग आरे झालं, जुहू झालं, बोरिवलीचं नॅशनल पार्क झालं. मे लागला. साडेसातलाच डांबर तापायचं, हेल्मेटखाली ओला रुमाल दहा मिनिटांत वाळायचा. पण सकाळी मुलुंडहून पश्चिमेला निघताना सूर्य पाठीशी असे, आणि मागे चालणाऱ्या दत्तारामची लांबच लांब सावली तिच्या चाकाच्या पुढे पडे. माणूस मागे, सावली पुढे! ती त्या सावलीवरून सायकल न्यायची आणि उगीचच तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी अंगणातून चाललोय.

कारण राईड चालू असताना तो कधी पुढे जात नसे. एकदाही नाही. ती पाणी प्यायला थांबली की तो थांबे. ती उतरून ढकलू लागली की तोही उतरून ढकले. चौसष्ट वर्षांचे अण्णा, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून येणारे, तेसुद्धा घंटी वाजवत पुढे जायचे. “शर्मिष्ठे, जिवंत आहेस ना गं?” म्हणायचे. दत्ताराम मात्र तिच्या चाकामागेच. एकदा राईड संपल्यावर एका उतारावर त्यानं गंमत म्हणून चार पायडलं मारली होती, तेव्हा तिनं पाहिलं होतं. घार झेपावते तसा तो सुटला होता... आणि वळणावर थांबून तिची वाट बघत उभा राहिला होता. इतक्या वेगाचा माणूस ताशी नऊच्या चालीनं उन्हात भाजून घेतो. कशासाठी? शर्मिष्ठा थक्क व्हायची. पुरावा इतका भक्कम होता, की दुसऱ्या कुणाचा दावा असता तर तिनं डोळे मिटून मंजूर केला असता.

तो मंजूरच केला तिनं. आणि आणखी हळू चालवू लागली.

“तुझं काय दुखतंय का?” एकदा त्यानं विचारलं. एव्हाना दोघं अरे-तुरेवर आली होती.

“नाही रे. का?”

“आत्ता एक कुत्रा आपल्याला ओलांडून गेला. लंगडा होता.”

“तुला कंटाळा आला असेल तर जा पुढे.”

“नाय गो,” तो हळूच म्हणाला. “मी कुठे काय म्हटलं.”

सहाव्या रविवारी आरेत चहा घेताना जयंतीताई तिच्याशेजारी बसल्या. समोर दत्ताराम कुणाच्या तरी टायरात हवा भरत होता.

“यंदा आपल्याला शेपूट फार चांगलं मिळालं हो,” त्या म्हणाल्या.

“शेपूट?”

“अगं, दत्ता. माहीत नाही तुला? हां, तू पहिल्या दिवशी उशिरा आलीस. प्रत्येक राईडला एक शेपूट असतं. सगळ्यांत शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं. काही झालं तरी त्याला ओलांडायचं नाही. कुणी मागे सुटू नये म्हणून. नियमच आहे.”

शर्मिष्ठाच्या हातातला चहा तसाच राहिला.

नियम! म्हणजे ते थांबणं, ते उतरून ढकलणं, ती सावली... ड्यूटी. तिच्या जागी अण्णा असते तर सावली अण्णांच्या चाकापुढे पडली असती. लोकांचे खोटे दावे पकडणारी बाई सहा आठवडे स्वतःच एक खोटा दावा कुरवाळत बसली होती! आणि वर त्या आनंदात आणखी हळू चालवत होती. त्या बिचाऱ्याला उन्हात घोळवत. परतताना तिचे कान लाल झाले होते. ऊन होतं म्हणून बरं, कुणाला कळलं नाही.

घरी आई वाटच बघत होती. देवव्रत नावाचा मुलगा होता, बोरिवलीचा. स्वतःचा फ्लॅट, खिडकीतून जंगल दिसतं. “यात नापसंत करायला मलासुद्धा काही सापडेना,” आई म्हणाली. “पुढच्या रविवारी त्यांना हो की नाही कळवायचंय. तुझं दुसरं काही असेल तर आत्ता सांग.”

“रविवारीच सांगते,” शर्मिष्ठा म्हणाली.

तिनं मनाशी ठरवलं, या रविवारी शेवटचं राहायचं नाही. तो नियम सोडून आपल्या मागे आला, तर ठीक. नाहीतर जंगल दिसणारी खिडकी काही वाईट नसते. आठवडाभर ती रोज पहाटे नव्वद फुटी रस्त्यावर चकरा मारत होती. पोटऱ्या दगड झाल्या, पण सायकल पळू लागली.

मेचा शेवटचा रविवार. भांडुपच्या पंपिंग स्टेशनपलीकडे, खाडीवर जायचं होतं. हायवेवर शर्मिष्ठानं अण्णांना ओलांडलं. मग आणखी दोघांना. मग उड्डाणपुलाचा चढ तिनं एका दमात घेतला. आपलेच पाय तिला परके, नवे, कुठून तरी बक्षीस मिळालेले वाटले. वर पोचून तिनं मागे पाहिलं.

लांबवर अण्णांचा पांढरा शर्ट. आणि त्याच्या मागे, दहा हात अंतर राखून, दत्ताराम.

झालं. निकाल लागला.

मिठागरांच्या कडेनं ती खाडीवर पोचली, आणि निकाल-बिकाल क्षणभर सगळं विसरली. ओहोटी होती. चिखलावर, पार समोरच्या टोकापर्यंत, फ्लेमिंगो. शंभर नाहीत, हजार नाहीत, मोजणाऱ्याला शरमच वाटावी इतके. मान खाली घालून सगळे एकाच कामात गर्क. मधूनच एखादा पंख उघडे, आणि आतला लाल असा लखकन दिसे, की त्या बडबड्या मंडळींतून चकार शब्द निघाला नाही. जयंतीताईंची शिट्टी गळ्यात नुसती लोंबत होती.

“दत्ताला मात्र हे नाहीच हो बघायला मिळणार,” त्या अखेरीस कुजबुजल्या. “शेपूट पोचेपर्यंत भरती येते. हे उडून जातात.”

शर्मिष्ठानं पुन्हा एकदा त्या गुलाबी पसाऱ्याकडे पाहिलं. मग सायकल वळवली आणि आली त्या रस्त्यानं परत निघाली. का, ते तिला विचारू नका. तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

दीड किलोमीटरवर, करंजाच्या सावलीत अण्णा बसले होते. डोक्यावर ओला पंचा, चेहरा पांढरा. सायकली दोन, दत्ताराम नाही.

“अण्णा! काय झालं?”

“ऊन लागलं जरा. दत्ता पायवाटेनं बर्फ आणायला पळालाय, तिथे सायकल जात नाही. तू कशाला आलीस? जयंतीनं पाठवलं?”

“नाही.”

अण्णांनी पंच्याखालून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर जरा रंग आला.

“मग तुला सांगायला हरकत नाही. शेपटाच्या पाळ्या मी लावतो. घेणारे सात-आठच, एकेकाची दोन महिन्यांनी येते. उन्हाळ्यात तर जो तो टाळतो. सगळ्यांत जास्त वेळ उन्हात राहावं लागतं ना! तू आलीस त्या रविवारी दत्ताची पाळी होती. खरी पाळी तेवढीच.”

“आणि नंतरच्या?”

“मागून घेतल्या गाढवानं. धवलची, प्रितमची, आजची तर जयंतीची. मी विचारलं, काय रे, ऊन खाऊन पोट भरतोस का? तर म्हणतो, अण्णा, ती खड्डा आला की खड्ड्याला शिव्या घालते. ऐकायला बरं वाटतं.”

शर्मिष्ठाला वाटलं, आता बर्फाची गरज आपल्याला आहे.

तो धावत आला. हातात पिशवी, टपटप गळणारी. तिला पाहून थबकला.

“तू? चेन पडली?”

“नाही.”

“पंक्चर?”

“नाही रे.”

“मग मागे कशी?”

“आले.” तिनं त्याच्याकडे नीट, दारातूनच माणूस ओळखणाऱ्या नजरेनं पाहिलं. कोपरापर्यंत काळवंडलेले हात, वर बाहीखाली उजळ रेघ. “दत्ता, आज मी पुढे गेले. तुला... काहीच वाटलं नाही?”

त्यानं आधी बर्फ अण्णांच्या पंच्यात बांधला. मग म्हणाला, “वाटलं ना. त्या पुलावर तू चढलीस, तेव्हा तर ओरडावंसं वाटलं. पण अण्णा मागे होते.”

“म्हणजे माझ्यापेक्षा अण्णा?”

“शेवटच्याला सोडायचं नसतं, शर्मिष्ठा. तू शेवटची असताना तुला सोडली का कधी?” तो जमिनीकडे पाहू लागला. “आणि पाळ्या मागून घ्यायला आता तोंड नाय उरलं. सगळ्यांच्या संपल्या. म्हणून आज सांगणारच होतो... की मला शेपूट नसताना पण तुझ्यासोबत चालवायचीय. कायमची. तुझ्या घरी लिफ्टवाला चालेल का, माहीत नाय.”

“दुसऱ्या मजल्याला लिफ्टच नाही आमच्याकडे,” ती म्हणाली. डोळे भरले होते, पण जीभ शाबूत होती. “जिन्यानं यावं लागेल. येशील?”

“पळत,” तो म्हणाला.

“मला आधी उठवा कुणीतरी,” अण्णा म्हणाले.

तिघं चालत, सायकली ढकलत खाडीवर पोचली तेव्हा मंडळी नाश्त्याला निघून गेली होती. भरतीचं पाणी चिखलावर सरकत होतं. गुलाबी गर्दी काठाकडे दाटली होती. मग कुठून तरी एक हाक उठली, आणि सगळी खाडी उभी राहिली. हजारो पंख एकदम... तो आवाज टाळ्यांसारखा नव्हता, वाऱ्यासारखा नव्हता, कशासारखाच नव्हता. डोक्यावरून लाल-काळा पदर सरकत गेला, आणि तिघांच्या चेहऱ्यांवर क्षणभर सावली पडली. अण्णांनी हात जोडले. दत्ताराम तोंड उघडं टाकून बघत राहिला, आणि शर्मिष्ठा पक्ष्यांकडे बघायचं सोडून त्याच्याकडे.

खिशात फोन थरथरला. आई.

“हं, काय कळवू?”

“नाही म्हणून कळव.”

“लांब राहतो का गं?”

“भांडुपला.”

“बरं,” आई म्हणाली. “येऊ दे. बघते मी त्याच्याकडे.” आवाजात कामाला लागल्याचा उत्साह होता.

आता हिशोब. देवव्रतची खिडकी हुकली. त्याला दुसरी कुणी जंगल बघणारी मिळेलच. दत्तारामनं सात रविवारचं ऊन भरलं, पण त्याला विचाराल तर तो म्हणेल, फुकटात पडलं. शर्मिष्ठाचे चार किलोंपैकी दीडच उतरले. खरी किंमत मोजली ती हायवेच्या कडेला, उडुप्याच्या हॉटेलात बसलेल्या मंडळींनी. शेपूट येईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, असा जयंतीताईंचा दंडक आहे. आणि ती दोघं, पुढे अण्णांना घालून, इतकी हळू आली, इतकी हळू आली, की चटणीला पाणी सुटलं, सांबारावर साय धरली, आणि प्रेम करणारी दोन माणसं सोडून बाकीचे सगळे नऊ वाजून चाळीस मिनिटांपर्यंत उपाशी राहिले.