मडगार्डवरचा मारुती

गुन्हेगाराला सगळ्या जगापासून गुन्हा लपवता येईल, पण फौजदार किसनरावांच्या नजरेतून मुंगीसुद्धा निसटू शकत नाही. बाभुळगावच्या ठाण्यात हे स्वतः किसनरावांनीच मोठ्या आवाजात जाहीर केले. ते बोलत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे जप्त केलेली शेळी कालचा पंचनामा शांतपणे खात होती.

तेवढ्यात दाराच्या चौकटीला डोके आपटून बळीराम आत आला. तो ताडासारखा उंच होता आणि कापसाचे जिन चालवणाऱ्या सदाशिवरावांचा मेहुणा होता. या दोन गोष्टींखेरीज त्याच्याबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते.

"साहेब, चला लवकर! मारुती चोरीले गेला!"

"कुठल्या देवळातला?"

"मडगार्डवरचा."

किसनराव टोपी घालून उठले. बासष्ट सालच्या निवडणुकीला आठवडा उरला होता आणि सदाशिवराव उमेदवार होते. अशा दिवसांत देव हलला की डोकी फुटतात.

वाटेत बळीरामने हकिकत सांगितली. सदाशिवरावांच्या जुन्या काळ्या डॉज मोटारीच्या पुढच्या डाव्या मडगार्डवर द्रोणागिरी उचललेल्या मारुतीचे चित्र होते. कॅलेंडरवरचे. पोळ्यापासून चिकटवलेले. आज सकाळी पाहतो तर देव गायब.

"हे काम विरोधकाचं, वामनरावाचं! अन् त्यानं आमच्या ड्रायव्हरले फितवलं. देवीलालले आत टाका, साहेब. मी आताच गावात दवंडी देतो का देवाचा अपमान झाला."

"दवंडी थांबव. चित्र चिकटवलं कोणी होतं?"

"भाऊजींनी. सोताच्या हातानं. कनकेची खळ करून."

किसनराव एकदम थांबले. सदाशिवरावांची मोटार सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. एका गोऱ्या इंजिनियराने मायदेशी जाताना विकलेली. तिच्या रंगावर बसणाऱ्या माशीलासुद्धा सदाशिवराव रुमालाने, पण हळूच, हाकलत. रंगावर ओरखडा पडेल म्हणून. असा माणूस त्या रंगावर आपल्या हाताने खळ फासतो?

वाड्याच्या आवारात सरकीचा वास भरला होता. मोटार लिंबाखाली उभी होती आणि सदाशिवराव मडगार्डला पाठ लावून उभे होते. ठेंगणे, गोल, तोंडभर हसू.

"या फौजदारसाहेब! या बळीरामनं उगीच तरास दिला. कागदाचा तुकडा तो. जाऊ द्या. चहा घ्या."

किसनरावांच्या मनात पाल चुकचुकली. गेल्याच आठवड्यात सभेत कोणी शिंकले म्हणून या गृहस्थाने तक्रार केली होती. आज देव गेला, तर म्हणे जाऊ द्या.

"बाजूला व्हा जरा."

"चहा..."

"बाजूला व्हा."

सदाशिवराव इंचाइंचाने सरकले. काळ्या रंगावर एक चौकोन बाकीच्या मोटारीपेक्षा जास्त चकाकत होता. ओरखडा नाही. कागदाचा कपटा नाही. चौकोनाच्या मधोमध मात्र बोटभर रुंदीची एक पोपटी रेघ, तिरपी.

किसनराव वाकले. मडगार्ड हुंगले. मग पडताळा म्हणून मोटारीच्या मागच्या दारापाशी जाऊन तिथेही हुंगले. मोटारीखाली झोपलेल्या कुत्र्याने त्यांच्याकडे व्यवसायबंधूच्या नजरेने पाहिले.

"रॉकेलचा वास नाही. पेट्रोलचाही नाही. गोड्या तेलाचा आहे. देवीलाल कुठे आहे?"

देवीलाल जिनाच्या दारातून आला. सहा फुटी, पांढऱ्या मिशांचा. जवळच्या तांड्यावरचा. रेघ पाहताच त्याने हात जोडले; देवाला की फौजदाराला, ते कळले नाही.

"चित्र तू काढलंस?"

"मी कायले काढू, साहेब?"

"फितला हाये तो!" बळीराम ओरडला.

"बळीराम, तू बोललास की मला शेळी आठवते. देवीलाल, हा रंग ओळखतोस?"

"वळखतो. आमच्या मंदिराच्या दाराचा हाये. दार रंगवून उरला, तो धनसिंगनं पोळ्याले बैलांच्या शिंगाले लावला. बाकी सारा तांडा हिंगूळ लावते, लाल. पोपटी शिंगं एकट्या धनसिंगची."



धनसिंगचे प्रकरण किसनरावांना पाठ होते. पोळ्याच्या दिवशी बैल मिरवून परत येताना वळणावर मोटारीने त्याचा एक बैल उडवला होता. बैल वाचला नाही. मोटार थांबली नाही. धुळीत कोणाला काही दिसले नाही. सदाशिवरावांनी जबाब दिला होता की आपली मोटार दिवसभर कुलपात होती.

"अन् त्या दिवसापासून तांड्यानं माहं हुक्का-पानी बंद केलं," देवीलाल म्हणाला. "म्हनते, गावात मोटार एकच, ते तुह्याबिगर कोन चालवते? मी महागावले बहिनीकडं गेलतो. बहीन सांगाले आली, तं म्हने, बहीन भावासारखंच बोलन. माह्या पोरीची, जमनीची, सोयरीक अडून राह्यली, साहेब. पोरगी माह्याशी बोलत नाही."

"महागावहून आलास तेव्हा मोटारीत काही वेगळं दिसलं?"

देवीलालने आठवून पाहिले. "बसलो तं गुडघे स्टेरिंगले लागून राह्यले. सीट पुढं वढली होती. मले वाटलं, झाडताना कोनी वढली असंल."

"मालक मोटार चालवतात?"

"छे छे," सदाशिवराव म्हणाले. "मले हार्न वाजवता येते. बस."

गोडे तेल म्हणजे स्वयंपाकघर; किसनराव वाड्याच्या ओट्याकडे वळले. सदाशिवरावांची पत्नी इंदूबाई दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला.

"वहिनी, घरात मारुतीचं चित्र आहे?"

"हाये. देवघरात. फूल वाहिलं सकाळीच."

"इंदू!" सदाशिवराव ओरडले.

"काहून? मीच काढलं. सहा महिने पाहून राह्यली. कुत्रं येते अन् देवावर तंगडी वर करते. येवढी मोठी मोटार, तं देव चिकटवाले मडगार्डच सापडलं का तुमाले?"

"कसं काढलंत?" किसनरावांनी विचारले. "रंगाला काही झालं नाही."

"त्यात काय हाये, भाऊ? परातीले वाळलेली कनीक कोनी चाकूनं खरवडते का? कोमट पान्याचा फडका ठेवला. वरन शिजेपर्यंत देव आपोआप सुटले. राह्यला चिकटा तेलाच्या बोटानं काढला."

"आणि ही रेघ? ती दिसली असेल."

"दिसली. देवाखाली निघालं ते देवानंच दाखवलं. मी कायले पुसू?"

बळीरामचे तोंड उघडेच राहिले. दवंडी आता नेमकी कोणाविरुद्ध द्यावी, हे त्याला कळेना.

किसनरावांनी मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवला. रहस्य उलगडायचे असले की त्यांना उंच व्हायला आवडे.

"चोरीचा उलगडा झाला. चोरीच नव्हती. आता खरा गुन्हा. देव चिकटवणाऱ्याला भक्ती करायची नव्हती, झाकायचं होतं. आपल्याकडे कोणी कागद फाडील, जाहिरात फाडील, पण देवाला नख लावायला कोणी धजत नाही. म्हणून मारुती. झाकायचं होतं मडगार्डवरचं, म्हणून मारुती कुत्र्याच्या उंचीवर. पोळ्याच्या दिवशी देवीलाल महागावला. मोटार कोणी नेली? सीट पुढे ओढलेली, म्हणजे चालवणारा ठेंगणा. बळीरामचे गुडघे तिथे मावत नाहीत."

"हो नं!" बळीराम पहिल्यांदा उपयोगी बोलला.

"हा सगळा अंदाज झाला," सदाशिवराव शांतपणे म्हणाले. "कोर्टात चालत नाही."

"खरं आहे." किसनरावांनी मान हलवली. "माझीही एक अडचण आहे. शिंगाचा रंग तेलाचा. पाण्यानं जात नाही, पण रॉकेलचा बोळा फिरवला असता तर त्याच दिवशी गेला असता. काही उरलं नसतं. ज्यानं हे केलं तो मूर्ख असला पाहिजे. आणि तुम्ही तर शहाणे."

"मूर्ख काहून?" सदाशिवराव उसळले. "रॉकेलनं पॉलिश मरते, साहेब! असा पांढरा डाग पडला असता, जन्मभर! मी बोळा हातात घेतलता, पन हिंमतच..."

ते थांबले. उशीर झाला होता. लिंबावरचा कावळासुद्धा ऐकत होता.

इंदूबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "बैलाले उडवताना हिंमत झाली?"

सदाशिवराव पायरीवर बसले. लपून मोटार शिकत होतो, म्हणाले. ब्रेक समजून भलतेच दाबले. निवडणूक तोंडावर येणार होती. शेतकऱ्याचा बैल मारणाऱ्याला मत कोण देईल?

"आणि त्यापायी याची पोरगी बिनलग्नाची घरात बसली," किसनराव म्हणाले.

"माह्या जोडीतला एक बैल धनसिंगले देतो. चांगला देतो."

"तो द्यालच. गुन्हाही नोंदवीन. देवीलाल, तुला काय हवं?"

देवीलालने रेघेकडे बोट दाखवले.

"मालकानं तांड्यावर चलावं. नायकापुढं, साऱ्याईपुढं सांगावं का देवीलालनं केलं नाही. बस. दुसरं मले काई नोको."

"आज?" सदाशिवराव कळवळले. "निवडणूक झाल्यावर नाही चालनार?"

"आत्ता. याच मोटारीनं," किसनराव म्हणाले. "रेघ तांड्याला दिसली पाहिजे."

सदाशिवराव मागे बसले. इंदूबाई देवघरातून चित्र घेऊन त्यांच्याशेजारी बसल्या. देव आता मांडीवर होते. बळीराम तीन घड्या घालून पुढे मावला. किसनराव पायरीवर उभे राहिले, मिशीला पीळ देत, सत्याचा विजय कसा दिसतो ते रस्त्यावरच्या कापसाच्या बैलगाड्यांना दाखवत. देवीलालने ताठ बसून चावी फिरवली. मोटार एकदा खोकली आणि गप्प झाली. त्याने पुन्हा फिरवली. या वेळी ती खोकलीसुद्धा नाही.

देवीलालने खिडकीतून मान बाहेर काढली.

"साहेब, जरासा धक्का मारता का?"