मेणाचा पाय

आयुष्यभर मी फ्रिज दुरुस्त केले. म्हणून फ्रिजबद्दल जे लिहितोय ते जाणून लिहितोय.

नात रक्षिता एचएसआर लेआउट भागातल्या एका ऑफिसात नोकरी करते. तिचा उजवा पाय दुखू लागला तेव्हा मी शिवाजीनगरच्या चर्चबाहेरून मेणाचा पाय आणला. आम्ही कन्नड मुलखात वसलेली भवानीची माणसं, पण हा नवस आमच्याकडेही चालत आलाय. गुण आला की पाय तिथं वाहायचा. तोवर खिडकीत ठेवला.

दुखणं हटेना. शेवटी हेब्बाळच्या डॉक्टर त्रिविक्रमांनी एक्सरे उजेडावर धरला. गुडघ्याखाली, हाडाच्या बाहेरच्या कडेनं पांढरा ओघळ उतरला होता.

"मेणबत्ती वितळल्यासारखं दिसतं ना? क्वचित होणारा आजार आहे. कॅन्सर नाही, भिऊ नका."

"पण पुढं काय?" मी विचारलं.

"इंजेक्शननं दुखणं कमी होईल. ओघळ घोट्यात उतरला तर मात्र सांधा धरेल. थांबेलच असं सांगता येत नाही."

घरी आलो तर खिडकीत ऊन. मेणाच्या पायावर ओघळ आला होता. गुडघ्याखालून, बाहेरच्या कडेनं, घोट्याच्या चार बोटं वरपर्यंत. एक्सरेत होता तसाच.

मी तो उचलून फ्रीझरमध्ये ठेवला.

"मामंजी, मटारांशेजारी पाय?" सून सौम्या म्हणाली. "पाहुण्यांना काय सांगू, पाया सूप?"

"उन्हात वितळतोय," एवढंच मी म्हणालो.

इंजेक्शन झालं, दुखणं ओसरलं. पावसाळ्यानंतरच्या एक्सरेत ओघळ होता तिथंच थांबलेला. डॉक्टर खूश होते. घोटा फिरवताना मात्र थबकले.

"हा पाय इतका गार का?"

"ऑफिसातला एसी, सर," रक्षिता म्हणाली.

"एकाच पायाला?" त्यांनी नाडी पाहिली. ठीक होती.

घरी सौम्या म्हणाली, "गुण आला. रविवारी नवस फेडू."

"सरी, ठीक आहे," मी म्हणालो.

"तिथं वाहिलेल्या पायांचं पुढं काय करतात, अज्जा?" रक्षितानं विचारलं.

"वितळवून नवे करतात म्हणे."

रक्षितानं आपला उजवा पाय पोटाशी ओढून घेतला.

मी फ्रीझर उघडला. मशीन नीट चालत होतं. मटार दगडासारखे झाले होते.

मेणाच्या पायाला हात लावला. कोमट होता.

मी दार लावलं. बोटं ओली झाली होती. बर्फाचं पाणी असेल, म्हणून जिभेला लावून पाहिलं.

खारट होतं, घामासारखं.