तो चालायचा, मी बसायची

धंतोलीच्या त्या दवाखान्यात एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावरून आम्ही दोघं भांडत होतो. म्हणजे... ती दुसऱ्यानं घ्यावी म्हणून!

"बसा न मॅडम," तो म्हणाला.

"तुम्हीच बसा. मी बरी आहे उभी."

"बरं असतं तं इथं काहून आले असते?"

आगाऊ मेला! पण हसला, तशी त्याच्या गालावर खळी पडली, आणि मी नको तेवढा वेळ बघत राहिले.

त्याचं नाव धम्मदीप. सदर भागात कॅमेरे दुरुस्त करायचा. बसून राहिलं की त्याची कंबर आखडायची. मी भावना. गाडी घसरून बुडावर आपटले होते, बसल्यावर पुन्हा उठताना जीव जायचा.

आत डॉक्टर वैदेही मॅडमनी आम्हा दोघांना एकदमच प्लास्टिकचा सांगाडा फिरवून दाखवला. "पाठीच्या कण्याच्या तळाशी हे त्रिकोणी हाड. दोन्ही बाजूंना कमरेची पसरट हाडं. मधले हे दोन सांधे जेमतेम केसभर हलतात, पण वरचा सगळा भार ह्यांच्यातूनच पायांत उतरतो. पाठीवर खाली दोन खळ्या असतात न, तिथंच."

"मले वाटलं खळ्या गालावर असतात," मी पुटपुटले. धम्मदीपचे कान लाल झाले.

दुखणं एकाच सांध्याचं, पण तऱ्हा उलट्या. माझ्या सांध्याचे बंध ताणले होते, आरामानं भरून येणारे. त्याच्या सांध्यांना आतूनच सूज. औषधं घ्यायची आणि चालत राहायचं, नाहीतर हाडाला हाड जुळून जायचं. जे मला वर्ज्य, तेच त्याचं औषध.

एवढं समजूनही दुसऱ्या दिवशी सकाळी, तो चालायला जायचा त्या जरीपटक्याच्या बागेत मी हजर! त्याच्या शेजारी चालायला मिळत होतं, मग कसची कंबर आणि कसचं काय.

"चालनं चालते न तुले?" तो विचारायचा.

"एकदम!" मी कळ दाबून हसायची.

एका सकाळी पाऊल टेकवेना. वैदेही मॅडमनी माझी अशी खरडपट्टी काढली की बस्स! चालणं बंद. बसायचं, तेही पाठीला उशी घेऊन.

दुसऱ्या दिवशी बागेत तो घरून उशी घेऊन आला. मला बाकावर बसवलं आणि स्वतः फेऱ्या मारायला लागला. एका फेरीला एक वाक्य.

"संत्रं खाल्लं का?" म्हणायचा... आणि जायचा. मी उत्तर जिभेवर धरून वाट बघायची.

"नाही!"

पुढच्या फेरीला संत्रं माझ्या मांडीवर. वेडीच झाले होते मी.

आणि मग ती धुक्याची सकाळ आली.

"बाबाचंही कमरेपासूनच सुरू झालं होतं," तो म्हणाला आणि गेला.

त्याचे बाबा, नत्थूजी. मी त्यांना विहारात पाहिलं होतं. वंदनेला सगळे वाकतात, ते उभ्यानंच हात जोडतात. हाक मारली तर मान वळत नाही, अख्खे फिरतात.

"आई त्याईले रोज मोजे घालून देते," पुढची फेरी.

"तवा कुठं होती अशी औषधं?" मी ओरडले.

तो परत आला तेव्हा चेहरा पांढरा होता. "मले लागू पडून नाही राहिली. डॉक्टर म्हणे, दुखणं वर मानेकडं सरकून राहिलं."

मी त्याची बाही धरायला हात पुढे केला.

"थांब न, धम्मदीप!"

"थांबलो की आखडतो."

पुढच्या फेरीला त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझं बरं होणार आहे. घरी सांगून दे, पोरगा पाहा म्हणून."

उशी मुठीत धरून मी हमसून रडले. तो पुन्हा जवळ आला तेव्हा एका दमात बोलले, "मोजे मलेही घालता येतात! आणि मान नाही वळली तं नाही वळली. मी उलट्या बाजूनं चालीन... समोरून येत जाईन. तुले वळायचंच काम नाही."

त्याची पावलं मंदावली.

"नको येऊ समोरून," तो म्हणाला. "रडताना दिसशील मले."

आणि धुक्यात गेला.

मी वाट बघितली. फेरी भरली असेल, आता येईल... नाही आला. बागेला पलीकडून दुसरं फाटक आहे, हे मला तेव्हाच आठवायचं होतं! संपलं, असं वाटलं. सगळं संपलं.

मग मी उठले. खड्ड्यात गेला आराम! उलट्या बाजूनं निघाले. प्रत्येक पावलाला कमरेतून कळ पायात उतरत होती, डोळ्यांना धारा होत्या.

तो फाटकाशीच उभा होता. कडीवर हात होता, पण कडी काढली नव्हती. समोरून आले म्हणून दिसलं. तोच रडत होता.

"माझं नाही बरं होणार वं, भावना."

"माहीत आहे मले."

बाजूचा बाक रिकामा होता. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"बस न," तो म्हणाला. "दुखत असन तुले."

"तू बस," मी म्हणाले, आणि कडीवरचा त्याचा हात धरला.